एका मुठीचा

जुन्या स्पीकरला दोन मुठी होत्या.
एक माझी, एक ओतिलिओची.
एकतीस किलो, वर तारांची पिशवी,
आणि ते खोकं मध्ये धरून आम्ही दोघं
वाल्पाराइसोच्या पायऱ्या चढायचो, खेकड्यासारखे.
तो पुढे, उलटा. मी खालून सांगायची:
आता कुत्रं आहे. आता कठडा. आता वळ.
सव्वीस वर्षं तो न बघता चढला
माझ्या शब्दावर.

गेल्या मार्चात त्याच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला.
मुलाकडे गेला, दूर उत्तरेला, अँतोफागास्ताला.
इमारतीला लिफ्ट आहे म्हणे.
गिटार नेली. खोकं माझ्याकडे ठेवलं,
दोन्ही मुठींसकट.

म्हणून आज येर्कोच्या दुकानात.
येर्को बावीस वर्षांचा, कानात बाळी, जिभेवर आकडे.
हा पाचशे वॉटचा, डोन्या नेलिदा.
हा हजाराचा. हा तर फोनवरून चालतो.
म्हटलं, बाबा, मी गाते त्या खाणावळीत नऊ टेबलं आहेत.
हजार वॉटनं ताटातला तळलेला मासा
पुन्हा पोहायला लागेल.

तो हसला. मग नीट विचारू लागला.
वीज असते का तिथं?
असते, पण आधी फ्रीजची, मग माझी.
त्यानं घरघर सुरू केली की माझा वरचा सूर
खुर्चीत बसतो.
म्हणजे बॅटरीचा. किती तास?
मला दोन पुरे. लोकांना दीड.
माइक किती?

इथं मी अडले.
अकॉर्डियनला एक, गळ्याला एक. दोन, म्हटलं.
मग, उगाच आपलं, शेल्फकडे बघत:
तीन भोकांचा फार महाग पडतो का रे?
ताकाला जाऊन भांडं लपवतात, ते असं.
येर्कोनं काही विचारलं नाही.
तिसऱ्या भोकावरची धूळ बाहीनं पुसली.

एक होता खांबासारखा, उंच, सडपातळ.
आवाज कोपऱ्याकोपऱ्यात सारखा पोचवतो म्हणाला.
पण आमच्याकडे वारा समुद्रावरून येतो
आणि दार वाजवत नाही. आडवा होईल.
एक गुळगुळीत, पांढरा; त्यात माझा ‘स’
उकळत्या किटलीसारखा.
एक काळा, आठ इंची, तोंड वर करून बसलेला,
रुसलेल्या बेडकासारखा.
त्यात मी म्हातारी ऐकू आले.
बरोबर आहे. आहेच.

हा उचलून बघते, म्हटलं.
उचला ना.
इथं नाही. जिन्यावर.

येर्को किल्ल्या घेऊन मागं धावला.
एकशे बासष्ट पायऱ्या, मी मोजलेल्या आहेत,
त्याही अशा दिवशी जेव्हा मोजल्यावाचून चढवत नव्हत्या.
चाळिसाव्या पायरीला हात बदलला.
सत्तराव्याला पुन्हा.
मूठ एकच, वरती, मधोमध;
दुसरा हात कुठं ठेवायचा ते त्याला कळेना.
पुढल्या वळणावर नेहमीचं तांबडं कुत्रं पसरलेलं.
मी मोठ्यानं म्हणाले, आता कुत्रं आहे.

कुत्रं उठून बाजूला झालं.
माहितीये, खालून येर्को म्हणाला, दिसलं मला.

वर पोचून धाप लागली, पण उभी राहिले.
तिथल्या बाईनं वाळत घातलेल्या चादरीआडून
विचारलं, काय विकताय?
काही नाही, विकत घेतेय.

पैशांवरून थोडी घासाघीस झाली.
जुना द्या, वजा करतो, म्हणाला.
नको. मोडका नाही तो, जड आहे नुसता.
तार एक फुकट दिली. लांबीला बेताची,
पण फुकट.

रात्री ओतिलिओला फोन केला.
बॅटरीचं सांगितलं, किटलीचं, बेडकाचं.
तिसऱ्या भोकाचं सांगायचं राहिलं.
त्यानं विचारलं ते एवढंच, वजन किती?
अकरा किलो.

तिकडे बराच वेळ टीव्ही ऐकू येत राहिला,
कुठल्या तरी सामन्याचा.
मग म्हणाला,
तेवढा तर मीही उचलला असता.